साहेब ‘हो’ म्हणाले, पण कशावर? नगरपालिकेत नवं तंत्रज्ञान आणू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

नव्याने रुजू झालेला कनिष्ठ अभियंता किंवा संगणक विभागातला एखादा पोरगा वर्षातून एकदा तरी माझ्याकडे येतो. बगलेत लॅपटॉप, चेहरा उजळलेला. “सर, साहेब हो म्हणालेत!”

मी विचारतो, “कशावर?”

कोणत्या कागदावर, असं मला विचारायचं असतं. पोरगा गप्प होतो. साहेब चहा पिता पिता हो म्हणालेले असतात. त्या ‘हो’पासून फाइलवरच्या सहीपर्यंत किती अंतर असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. नाशिक जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांमध्ये वीसेक वर्षं पाणीपुरवठा आणि संगणक, या दोन टेबलांवर काढली. त्यातून जे हाती लागलं ते पायरीपायरीने सांगतो. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत.

आधी ‘वरचे’ म्हणजे कोण ते ओळखा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ एकदा मुळातून वाचा. कंटाळवाणा आहे, तरी वाचा. आयुक्त अंमलबजावणी करतात, १६ सदस्यांची स्थायी समिती पैशाच्या नाड्या धरते आणि महासभा धोरण ठरवते. तुमचा विषय छोटा असेल तर आयुक्तांच्या अधिकारात बसेल. रक्कम त्यांच्या मर्यादेपलीकडे गेली की स्थायीची पायरी चढावीच लागते. नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अध्यक्ष. नावं बदलली तरी जोडी तीच: एक सही करणारा, एक सभेत बाजू घेणारा.

नाशिक महापालिकेत मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात नोकरीला लागलेल्यांना एक वाईट सवय जडली. एका केबिनमध्ये गेलं, पटवलं, की काम झालं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ती सवय मोडावी लागणार. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, आता प्रश्न विचारणारी माणसं पुन्हा आली आहेत आणि ती विचारणारच, त्यासाठीच निवडून आली आहेत.

आणखी दोन-तीन माणसं आहेत, जी कोणत्याही तक्त्यात नसतात. लेखा विभागात ‘तरतूद शिल्लक आहे’ असं लिहून देणारा लिपिक. लेखापरीक्षणात बसलेले, चष्म्यावरून बघणारे काका. आणि साहेबांचे स्वीय सहायक. यांना तुमचं तंत्रज्ञान समजलं नाही तरी चालेल, पण त्यांना ते तिसऱ्याकडून कळता कामा नये.

माझी फजिती

जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत होतो तेव्हाची गोष्ट. पाण्याच्या टाक्यांवर पातळी मोजणारे सेन्सर बसवायचे माझ्या डोक्यात होते. कंट्रोल रूममध्ये पडद्यावर सगळ्या टाक्या दिसतील, भरत आली की मोबाइलवर निरोप येईल. ४२ स्लाइडचं सादरीकरण केलं. त्यात परदेशी शहरांचे फोटो, निळे-हिरवे आलेख, सगळं होतं.

साहेबांनी अकराव्या स्लाइडला हात वर केला. “बंद पडलं तर रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा?”

“कंपनीला, सर.”

“कंपनी कुठली?”

“पुण्याची.”

त्यांनी फाइल मिटली, तिची नाडी गुंडाळली, गाठ मारली आणि म्हणाले, “बघू.”

नवख्यांनी हे शब्द पाठ करून ठेवावेत. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘चांगलं आहे, मांडा’ म्हणजे तुमच्या जबाबदारीवर मांडा, माझं नाव घेऊ नका. फाइलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा आला, तर फाइलमध्ये असं काहीतरी आहे जे साहेबांना लेखी विचारायचं नाही. हा शेरा वाईट नसतो. त्याच दिवशी वेळ मागून जावं. आणि ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ हा शेरा सगळ्यात फसवा. नवखा समजतो मंजुरी मिळाली, पण उद्या काही झालं तर नियम तुम्ही पाळला होता की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

त्या दिवशी मला राग आला होता. साहेबांना तंत्रज्ञान कळत नाही, असं मी घरी जाऊन सांगितलं. खरं तर त्या खोलीत तंत्रज्ञान कळलेला माणूस तो एकच होता. सेन्सर काय करतो हे मी सांगत होतो. तो बंद पडला की काय होतं, हे त्यांना माहीत होतं. पहाटे फोन त्यांनाच येतात.

यंत्राकडे नंतर, आधी व्हॉल्व्हवर जाऊन उभे राहा

त्यानंतर आठ दिवस मी पहाटे चार वाजता टाकीवर जायचो. तिथले व्हॉल्व्हमन आप्पा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांच्याकडे व्हॉल्व्हची चावी: कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवा दांडा, हात लागून लागून तो गुळगुळीत झालेला. खिशात शाळकरी वही. तिच्यात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘वरची आळी ४.४०, शाळा ५.२५, खालची वस्ती ६ (प्रेशर नाही)’. हीच आमची कंट्रोल रूम होती.

टाकी भरली की नाही हे आप्पा कसं ओळखायचे? टाकीच्या भिंतीला हात लावून. पाणी जिथपर्यंत असतं तिथपर्यंत भिंत गार लागते. पण हात पोचतो तेवढंच. वरचा अंदाज आवाजावरून. अंदाज चुकला की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी नाल्यात.

सेन्सरचं तत्त्व सोपं आहे. टाकीच्या छताला खाली तोंड करून बसवतात. तो माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. मी हे आप्पांना हातवारे करून समजावलं. ते म्हणाले, “बरं आहे साहेब. पण झाकणाखाली पहाटे घाम सुटतो.”

मी दुर्लक्ष केलं. चाचणीला आणलेला सेन्सर तिसऱ्या पहाटे टाकी भरल्याचं सांगत होता, टाकी अर्धी रिकामी. झाकण उघडून टॉर्च मारला तर सेन्सरच्या तोंडावर बाष्पाचे थेंब लटकत होते. ध्वनी पाण्यापर्यंत पोचतच नव्हता. पुढे आम्ही तळाशी दाब मोजणारा सेन्सर घेतला. वर जेवढं पाणी, तेवढा खाली दाब. घामाचा प्रश्नच मिटला.

हे लांबण लावण्याचं कारण असं. पुढे साहेबांनी विचारलं की “हाच प्रकार का घेतला?”, तेव्हा माझ्याकडे माहितीपत्रकातलं वाक्य नव्हतं, आप्पांचा घाम होता. शिवाय आप्पांना विचारून घेतल्यामुळे ‘हे आमच्या पोटावर पाय आणतंय’ ही कुजबुज टाकीवर सुरूच झाली नाही. कामगार संघटनेचा विरोध साहेबांच्या केबिनमध्ये पोचला की मग कोणतंही सादरीकरण उपयोगी पडत नाही.

हिशेब टँकरमध्ये मांडा

मंजुरीसाठी फाइलवर जो मजकूर मांडतात ती टिपणी. ‘कार्यक्षमतेत वाढ’ असं लिहिलेली टिपणी कुणी पूर्ण वाचत नाही. आमच्या टाकीत ताशी दोन लाख लिटर पाणी चढायचं. अर्धा तास ओव्हरफ्लो म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दहा टँकर, एका पहाटेत, नाल्यात. उन्हाळ्यात एका टँकरसाठी दाराशी मोर्चा येतो हे प्रत्येक मुख्याधिकाऱ्याला ठाऊक असतं. ‘दहा टँकर’ म्हटल्यावर साहेब खुर्चीत पुढे सरकले.

तुमचा विषय घरपट्टीचा असेल तर ‘किती मिळकती नोंदीतून सुटल्या’, घंटागाडीचा असेल तर ‘किती गल्ल्यांत गाडी गेलीच नाही’. आणि आकडा फुगवू नका. एक आकडा खोटा निघाला की उरलेल्या नऊ खऱ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

जी भीती आधीच आहे तिच्याशी विषय जोडा

नाशिकला याचं मोठं उदाहरण सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ ला पंचवटीत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्यानंतर नाशिकला आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या मनात ती तारीख आहे. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिककर असलेले अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्यातल्या अडचणींवर तोडगे शोधणारा उपक्रम, सुरू झाला. शहरातली मुलं, संशोधक, अधिकारी एकत्र बसू लागले. त्यातूनच एका शाळकरी मुलाची, पावलं मोजणारी चटई गर्दीच्या वाटेवर अंथरून पाहिली गेली. चटई म्हटलं तर साधी: तिच्यावर किती पावलं पडली ते कळतं, म्हणजे वाटेवर किती माणसं चालली आहेत ते कळतं. पण ‘पुढे किती माणसं आहेत?’ हा प्रश्न प्रशासनाला बारा वर्षं छळत होता, म्हणून शाळकरी मुलालाही दार उघडं मिळालं. एरवी पन्नाशीच्या अभियंत्यालाही ते मिळत नाही.

पुढच्या सिंहस्थाचं ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ चं पहिलं अमृतस्नान या तारखांच्या आधारे सध्या पुष्कळ प्रस्ताव पुढे सरकतील. कुंभमेळ्यासाठी वेगळं प्राधिकरणही आहे. संधी जरूर घ्या, पण एक गोष्ट मनाला लावून घ्या. मेळ्यासाठी घेतलेलं यंत्र मेळा संपल्यावर पोरकं होतं. साधू परततात, तंबू निघतात आणि वीजबिल भरायला कुणाचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं, नसतं. टिपणीत ‘मेळ्यानंतर हे कोणत्या विभागाकडे, कोणत्या तरतुदीतून’ हे वाक्य आत्ताच टाका. बहुतेक जण टाकत नाहीत, त्यामुळे तुमची फाइल उठून दिसेल.

सिंहस्थाशी संबंध नसेल तर वरून साहेबांना कशाचे गुण मिळतायत ते बघा. २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांच्या सुधारणेसाठी मुख्यमंत्र्यांचा १०० दिवसांचा आणि मग १५० दिवसांचा कार्यक्रम आला. दुसऱ्यात ई-गव्हर्नन्स हा एक सरळ भागच होता. अशा वेळी तुमचा प्रस्ताव त्या तक्त्याची एखादी ओळ भरून काढत असेल तर साहेबच तुम्हाला शोधत येतात. दाखल्यांचा, परवान्यांचा विषय असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा आधार घ्या. सेवा मुदतीत देणं हे कर्तव्य आहे, तुमचं सॉफ्टवेअर ते पाळायला मदत करतं, एवढंच मांडा.

टिपणी: सगळा खेळ इथे

स्लाइड विसरा. दीड पान टिपणी, मागे फ्लॅग (खुणेची चिठ्ठी) लावलेली जोडपत्रं. सही करणाऱ्याला तीन भीती असतात: लेखापरीक्षणाचा आक्षेप, सभेतला प्रश्न आणि माहिती अधिकाराचा अर्ज. टिपणीचा प्रत्येक परिच्छेद यातली एक भीती कमी करत असेल तरच तो ठेवावा.

खरेदी कशी करणार ते स्पष्ट लिहा. उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय म्हणजे खरेदीची नियमपुस्तिका. ती टेबलावर ठेवा. वस्तू जेम पोर्टलवर (केंद्राच्या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर) आहे का, नसेल तर महाटेंडरवर (राज्याच्या ई-निविदांच्या संकेतस्थळावर) निविदा, हे सांगा. मर्यादेत बसवण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडू नका. हा आक्षेप लेखापरीक्षणातले काका झोपेतही काढतात.

विक्रेता म्हणेल, “साहेब, तीन महिने फुकट वापरून बघा.” इथे पुष्कळ चांगली पोरं अडकतात. फुकट चाचणीनंतर तुम्ही लिहिलेलं तांत्रिक विनिर्देश (वस्तू नेमकी कशी हवी त्याचं वर्णन) नकळत त्याच कंपनीच्या मापाचं होतं आणि मग स्पर्धा झाली नाही म्हणून बोंब. चाचणी घ्यायचीच असेल तर जाहीर आवाहन करा, दोघा-तिघांना सारखी संधी द्या आणि फुकट असलं तरी लेखी मान्यता घ्या.

माहिती कुणाच्या मालकीची, हे करारात हवं. कंपनी बदलली तर सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात संस्थेला परत मिळाल्या पाहिजेत. नागरिकांचे मोबाइल नंबर किंवा पत्ते घेणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आता आहे. लागतं तेवढंच घ्या. आणि वार्षिक देखभाल: पहिल्या वर्षाची किंमत सगळे लिहितात, चौथ्या वर्षाची कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

शेवटचा परिच्छेद मी असा लिहिला होता. हवा तर उचला:

‘सदर यंत्रणा प्रथम एका टाकीवर तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर बसविणे प्रस्तावित आहे. या कालावधीत दैनंदिन नोंदवही पूर्ववत सुरू राहील. ओव्हरफ्लो कमी झाल्याचे निदर्शनास न आल्यास पुढील टप्पा राबविण्यात येणार नाही. यंत्रणा बंद पडल्यास संपर्काची यादी फ्लॅग ‘क’ येथे. सबब, प्रस्तावास प्रशासकीय व आर्थिक मान्यता मिळणेस विनंती. मा. आदेशार्थ सादर.’

‘फसलं तर थांबू’ हे आधीच लिहायला नवखे कचरतात. उलट त्याच वाक्याने सही सोपी होते. साहेबांना आता दहा टाक्यांचा धोका घ्यायचा नसतो, एका टाकीचा घ्यायचा असतो.

फाइल घेऊन दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेबांनी थेट फ्लॅग ‘क’ उघडला. तीन नंबर होते: आप्पा, मी, आणि नाशिकमधलाच एक दुरुस्ती करणारा. त्यांनी पहिला नंबर माझ्यासमोर लावला. स्पीकरवर आप्पांचा आवाज आला, “कोण आहे? पाणी सोडतोय, नंतर करा.” फोन बंद. साहेब हसले नाहीत. पेन उघडलं आणि लिहिलं: ‘मान्य. तीन महिन्यांनी अहवाल सादर करावा.’

वेळ चुकली तर सगळं चुकतं

एप्रिलमध्ये कल्पना घेऊन गेलात तर उत्तर एकच: तरतूद नाही. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी खातेप्रमुखांकडून मागण्या हिवाळ्यातच मागवल्या जातात. दिवाळी झाली की अर्धं पान त्यांच्या हातात द्या. एकदा लेखाशीर्षासमोर एक लाखाची का होईना तरतूद पडली की वाढवता येते. जिथे शून्य आहे तिथे पुनर्विनियोजनाचे, म्हणजे दुसऱ्या खात्यातला पैसा वळवून घेण्याचे, खेटे.

नगरसेवक

विषयपत्रिकेवर विषय आल्यावर नव्हे, येण्याआधी भेटा, आणि तेही खातेप्रमुखांना सांगून. एकाच पक्षाच्या गटनेत्याला भेटून आलात तर विषय तुमचा राहत नाही, त्या पक्षाचा होतो.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: माझ्या प्रभागात का नाही? यावर ‘पुढच्या टप्प्यात’ हे उत्तर कुणाला पटत नाही. निवडीचा निकष लेखी ठेवा. आमचा निकष होता सर्वांत जास्त ओव्हरफ्लोच्या तक्रारी. यादी समोर ठेवली की वाद यादीशी होतो, तुमच्याशी नाही.

एका नगरसेविका ताईंनी मला विचारलं होतं, “ह्याने पाणी वाढणार का?” मोह झाला होता हो म्हणायचा. मी म्हटलं, “नाही ताई, पाणी तेवढंच राहील. पण किती वाजता येणार ते बायकांना आदल्या रात्री कळेल.” ताई दोन क्षण थांबल्या. “मग तसंच सांगा की सभेत. पहाटेपासून नळाशी बसावं लागतं त्यांना.” सभेत बाजू त्यांनीच लावून धरली, मला बोलावंच लागलं नाही.

सभेत विषय तहकूब झाला तर मनाला लावून घेऊ नका. पुष्कळदा कारण तुमच्या विषयाच्या आधीचा विषय असतो.

साहेब बदलतात

तुकाराम मुंढे नाशिक महापालिकेत आयुक्त म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. पूर्ण मुदत मिळाली तरी ती फार तर तीन वर्षं. तुमची यंत्रणा त्याहून जास्त टिकायला हवी असेल तर ती साहेबांच्या आवडीवर टांगलेली असता कामा नये. ठरावात यायला हवी, अंदाजपत्रकात तिचं स्वतःचं लेखाशीर्ष हवं, आणि एखाद्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत ‘रोज सकाळी नोंदी तपासणे’ असं लिहिलेलं हवं. उद्घाटनाचा फोटो यातलं काहीच करत नाही. मी काढला होता, भिंतीवर होता, रंगकामात गेला.

नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात सादरीकरण घेऊन धावू नका. सगळेच धावतात. त्यांना पाण्याची पहिली तक्रार येऊ द्या, ती येतेच. मग एका पानावर महिन्याची पातळी, ओव्हरफ्लोचे दिवस आणि ठराव क्रमांक लिहून द्या. आमच्याकडे नव्या साहेबांनी देखभालीचं बिल अडवलं होतं: “हे कशाचं?” मी तोंडी काहीच सांगितलं नाही. ठरावाची प्रत आणि तीन महिन्यांचा अहवाल बिलाला टाचून परत पाठवला. संध्याकाळी बिल सुटलं.

ती प्रत माझ्या खणात होती म्हणून जमलं. तुम्हीही एक स्वतःजवळ ठेवा. अभिलेख कक्षातून मागवायची तर तिच्यासाठी पुन्हा वेगळी टिपणी लिहावी लागते.